संभाजीनगर रात्री ऐकायचं: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

लोक आमच्या शहरात येतात ते बघायला. सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, दिवस मावळताना मकबरा आणि रात्रीच्या गाडीने परत. मग गावी जाऊन सांगतात, "शहरात काही नाही हो, आठला सगळं सामसूम." सामसूम असते ती त्यांच्या हॉटेलच्या खिडकीखाली. तेव्हा शहागंजात नानच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, एखाद्या नाट्यगृहात तंबोरे जुळत असतात आणि उरूस असेल तर खुलताबादला कव्वालाने नुकती कुठे पेटी पुढे ओढलेली असते.

मी मूळचा परतूरचा. शिकायला इथं आलो आणि इथलाच झालो. पाहुणे आले की त्यांना हे शहर कसं ऐकवायचं, याची एक पद्धत आता बसली आहे. तीच लिहितो. नाव छत्रपती संभाजीनगर असलं तरी रिक्षात, बसमध्ये, बोलण्यात औरंगाबादही ऐकू येईल; दोन्ही एकच, गोंधळू नका. पब आणि डिस्कोसाठी येणार असाल तर मात्र पुणे गाठा. जालना रोडवर आणि सिडकोत बार आहेत, पण त्यासाठी एवढा प्रवास कशाला?

पहिली पायरी: तारीख आधी, तिकीट नंतर

इथली रात्र चार पंचांगांवर चालते. मराठी तिथी, मुसलमानी चांद, कॅलेंडरची तारीख आणि आयोजकांची मर्जी. यातलं एकही न बघता आलात तर खरंच सामसूम भेटेल.

जानेवारी सर्वांत बरा. थंडी असते, १४ तारखेला विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिन असतो आणि त्याच महिन्यात एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारातलं महागामी हे नृत्य-संगीताचं गुरुकुल शारंगदेव समारोह भरवतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव बहुधा हिवाळ्याच्या शेवटी असतो, पण मधली काही वर्षं तो झालाच नव्हता. म्हणून जाहीर झाल्याशिवाय त्याच्या भरवशावर सुट्टी टाकू नका. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची नाथषष्ठी. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. नवरात्रात छावणीतली कर्णपुऱ्याची जत्रा, तिथं मध्यरात्रीही पाळणे फिरत असतात. रमजान आणि खुलताबादचा उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. तिथले सुफी संत जर जरी जर बक्ष यांचा मोठा उरूस रबीउल अव्वल महिन्यात भरतो. तो यंदा कधी येतो, हे एखाद्या उर्दू कॅलेंडरात बघा किंवा सरळ इथल्या कुठल्याही अत्तरवाल्याला विचारा, तो दिवस मोजून सांगेल.

मे महिना टाळा. पारा चाळिशीपार जातो आणि पाण्याची बोंब असते ती वेगळीच. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, ही इथली जुनी रड आहे.

दुसरी पायरी: मुक्काम

मुंबईहून देवगिरी एक्सप्रेस रात्री निघते आणि पहाटे अंधारात इथं उतरवते. नंदीग्रामही आहे. पहाटे उतरलात तर स्टेशनबाहेर पोहे-चहा घ्या, उजाडेपर्यंत रिक्षाच्या भानगडीत पडू नका.

खोली घेताना लोक गाद्या बघतात, बाथरूम बघतात. तुम्ही एकच विचारा: "रात्री शटर किती वाजता पडतं?" माझा मावसभाऊ एकदा बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर उतरला होता. कव्वाली ऐकून दीडला परतलो तर शटर खाली, आत कुलूप आणि मॅनेजर घोरत पडलेला. वीस मिनिटं शटर वाजवलं. उघडलं ते समोरच्या मेडिकलवाल्याचं! शेवटी भाऊ माझ्या खोलीवर येऊन झोपला, पण त्या रात्रीचे पैसे लॉजवाल्याने घेतलेच. रात्री फिरायचं तर क्रांती चौक, निराला बाजार, उस्मानपुरा या पट्ट्यात राहा. दोन नाट्यगृहं जवळ, जुनं शहर जवळ, आणि पान खायला उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर चालत जाण्यासारखं.

रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवायचं, रात्री तर नक्कीच. वयस्क रिक्षावाल्याला जुन्या शहरात "चाचा" म्हणा, इतरत्र "मामा". समोरून दखनीत उत्तर आलं, "कां जाना हे? बैठो, जास्ती नक्को देव," तर बसा. जास्तीच घेतील, पण वाटेत कोणत्या मोहल्ल्यात काय चाललंय ते सांगतील.

तिसरी पायरी: पहिली दुपार, सातव्या लेणीत

गाणं ऐकायचं तर लेणी कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. कारण या मुलखातली सगळ्यात जुनी मैफल तिथं चालू आहे.

वेरूळ नव्हे, शहरालगतची औरंगाबाद लेणी. मकबऱ्याच्या मागं, विद्यापीठाच्या अंगाच्या डोंगरात. दोन गट आहेत. तिकीट काढून पूर्वेकडच्या गटात जा आणि सातवी लेणी गाठा. दुपारी चारच्या सुमाराला जा, गर्दी जवळजवळ नसते. सोबत टॉर्च घ्या, मोबाईलचाही चालेल, पण भिंतीवर सरळ झोत मारू नका, बाजूने तिरपा धरा. गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आहे. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे. तिच्या दोन्ही अंगांना सहा जणी बसल्या आहेत, सगळ्या वाजवणाऱ्या बायका. बासरी, चामड्याची वाद्यं, टाळ. सहाव्या-सातव्या शतकातलं काम. नर्तकीकडे सगळेच बघतात. तुम्ही वाजवणाऱ्यांच्या मनगटांकडे बघा. एकीचा हात कातड्यावर पडलेला आहे, दुसरीचा पडणार आहे. हे कोरणाऱ्याला ठेका कळत होता, नुसत्या बायका कोरणाऱ्याला हे साधत नाही.

बाहेर आल्यावर उतारावरच सोनेरी महाल लागतो. महोत्सव असेल तर मंच त्याच्याच पटांगणात असतो, मागं डोंगराची काळी कड आणि समोर दिव्यांत महालाच्या कमानी. तसा योग असेल तर खोलीवर परतूच नका. शाल मात्र आधीच पिशवीत टाका, उघड्या मैदानात नऊनंतर थंडी बोचते.

चौथी पायरी: मैफलीला वेळेवर जाणे

हे वेगळं सांगावं लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, रोज नाही. त्यामुळे मैदानावरची मैफल साडेसहा-सातला सुरू होते आणि दहाच्या ठोक्याला संपवावी लागते. मी सुरुवातीच्या काळात "मोठे कलाकार उशिराच गातात" या माहितीवर विसंबून जेवूनखाऊन नऊला गेलो. मोठे कलाकार भैरवीला आलेले होते.

बंद नाट्यगृहात ही अडचण नाही. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर, निराला बाजारात तापडिया नाट्यमंदिर, सिडकोत संत तुकाराम नाट्यगृह. तिन्हीकडे नाटकांचा भरणा जास्त, पण शास्त्रीय गाणं आणि कथक नियमाने होतं. पुष्कळ कार्यक्रमांना तिकीटच नसतं. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या म्हणून रिकाम्या ठेवतात आणि त्या शेवटपर्यंत रिकाम्याच राहतात. पहिल्या गाण्यानंतर हळूच पुढं सरका, कोणी उठवत नाही. कार्यक्रम कळतात ते स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावरून, चौकातल्या फलकांवरून आणि संगीत क्लासांच्या दारावरच्या कागदांवरून. क्लास इथं भरपूर. पंडित नाथराव नेरळकर इथेच शिकवत. ते २०२१ साली गेले, पण आजही शहरातल्या बऱ्याच गवय्यांच्या पाठांतरात त्यांच्या बंदिशी आहेत. श्रोत्यांत एखादी आजी डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरताना दिसली, तर शेजारी बसा. मध्यंतरात तिच्याशी बोललात की पुढच्या तीन कार्यक्रमांचे पत्ते मिळतात.

आता जानेवारीतल्या समारोहाला ज्यांचं नाव आहे, ते शारंगदेव कोण? देवगिरीला यादवांचा सिंघण राजा होता, तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या दरबारात शारंगदेव श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य होता. आजोबा काश्मीरहून आलेले. दिवसभर राज्याचे हिशेब आणि उरल्या वेळात 'संगीतरत्नाकर'! सात अध्यायांचा ग्रंथ: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य. उत्तरेचे आणि दक्षिणेचे गवई एरवी कशावर एकमत होत नाहीत, पण हा ग्रंथ दोघंही आपला मानतात. आमच्याकडे रोज ज्या किल्ल्याची सहल निघते, तिथल्या एका कारकुनाने हे करून ठेवलंय. त्याच्या नावाची पाटी किल्ल्यावर मला कुठं दिसली नाही.

पाचवी पायरी: जेवण, म्हणजे जुनं शहर

मैफल सुटली की रिक्षा करा आणि शहागंज किंवा सिटी चौकाकडे चला. नान खलिया खायचा. खलिया म्हणजे मोठ्या देगेत शिजवलेला मटणाचा पातळ रस्सा, वर तेलाची तांबडी तर्री. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला, अशी गोष्ट सांगतात. मटण हवं असेल तर ऑर्डर देण्याआधी "मटण का हे ना?" असं विचारून घ्या, काही ठिकाणी मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं असतं, आणि विचारलं तर कोणी राग मानत नाही.

खाण्याआधी पाच मिनिटं भट्टीसमोर उभे राहा. पिठाचा गोळा थापून गोल केला की कारागीर त्यावर हळदीचं पिवळं पाणी फिरवतो, मग गादीसारख्या उशीवर तो नान घेऊन अर्धं अंग भट्टीत घालतो आणि आतल्या भिंतीला थापतो. हात भाजायच्या आत बाहेर. थोड्या वेळाने लोखंडी गजाने उपटून फेकतो ते थेट समोरच्या फडक्यावर. दोन माणसं असतील तर थाप, खरड, फेक यांची लय बसलेली असते. तीही ऐकण्यासारखी आहे, आणि फुकट.

शाकाहारी असाल तर गुलमंडीला इमरती खा. ती मात्र रात्री उशिरा मिळत नाही, आधीच उरका.

रमजानमध्ये हा सगळा भाग पहाटेपर्यंत जागा असतो. हलीम, कबाब, फालुदा, अत्तर, कपडे, चपला, सगळं रस्त्यावर. बायका-पोरं रात्री एकला खरेदी करताना दिसतील. दुचाकी न्यायची नाही, बाहेर लावून चालत जा. फोटो काढताना माणसाला विचारा, देगेला विचारायची गरज नाही.

सहावी पायरी: देवगिरी आणि खुलताबाद

दुसरा दिवस यासाठी ठेवा. दौलताबाद पंधराएक किलोमीटर, खुलताबाद पंचवीसच्या आसपास, वेरूळ त्याच्या पुढे. एसटी आहे, काळी-पिवळीही आहे. दौलताबादला रस्ता तटबंदीच्या अरुंद वेशीतून जातो आणि तिथं हमखास कोंडी होते. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास धरून चाला. वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे विसरून आलेली एक तरी मिनीबस दर आठवड्याला बघायला मिळते.

किल्ल्यावर गाण्याचं काही शिल्लक नाही. तरी चढा, आणि वर बारादरीत बसून ही आख्यायिका आठवा. देवगिरीचा गोपाळ नायक दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीपुढे गायला. अमीर खुस्रो म्हणे सिंहासनाखाली लपून सहा दिवस ऐकत राहिला आणि सातव्या दिवशी समोर येऊन त्याचंच गाणं त्याला ऐकवलं. खरी-खोटी कोण जाणे, पण एकाने दुसऱ्याचं गाणं चोरून ऐकायचं आणि आपलं करून टाकायचं, हा धंदा गाण्यात आजही चालतो. उतरताना रस्त्याकडेला हंगामात सीताफळं आणि पेरूच्या पाट्या लागतात, त्या सोडू नका.

मग खुलताबाद. तुघलकाने राजधानी दिल्लीहून इकडे आणली, त्या धामधुमीत जी माणसं आली त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते. १३३७ साली ते इथं वारले. समा, म्हणजे ईश्वराच्या ओढीने ऐकलेलं गाणं, ही त्यांची साधना. ऐकता ऐकता ते आणि त्यांचे शिष्य ज्या तऱ्हेने नाचत, त्या तऱ्हेलाच लोक बुऱ्हानी म्हणू लागले. त्यांच्या दर्ग्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराजी यांचा दर्गा आहे आणि त्याच्या अंगणात औरंगजेबाची उघडी कबर. आपल्या दरबारातलं गाणं बंद करणारा बादशाह इथं येऊन निजलाय, गाणं हीच इबादत मानणाऱ्यांच्या शेजारी. उरुसात कव्वालीचे लाऊडस्पीकर त्याच्या डोक्याशीच वाजत असणार! तिथं हल्ली बंदोबस्त असतो. ओळखपत्र जवळ ठेवा, नोंद करायला सांगितली तर करा, वाद घालू नका.

कव्वाली भरपूर आणि रात्रभर ऐकायची तर उरूसच गाठा. डोक्यावर रुमाल किंवा ओढणी हवी, चपला बाहेर. मजारीच्या आतल्या भागात बायकांना सगळीकडे जाऊ देत नाहीत, दारावरच विचारून घ्या. बैठकीत कव्वाल आणि समोर बसलेले बुजुर्ग यांच्यामधून चालत जाऊ नका. नजराणा द्यायचा तर नोट उधळायची नाही, वाकून पेटीजवळ ठेवायची. खानकाहीतली, म्हणजे सुफींच्या मठातली घरगुती बैठक असेल तर आधी बुजुर्गांपुढे दोन्ही हातांनी धरायची, पुढं ते कव्वालाला देतात. शब्द कळले नाहीत तर शेजारच्याला विचारा. आमच्याच शहरातल्या सिराज औरंगाबादींची अठराव्या शतकातली गझल सुरू झाली तर विचारावं लागणार नाही, सगळी बैठक एकदम पुढं सरकते.

परतीचं वाहन मात्र जाण्याआधी ठरवा. रात्री अकरानंतर काळी-पिवळी मिळेल या आशेवर राहू नका. मी एकदा राहिलो होतो आणि पहाटेच्या दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून शहरात आलो.

सातवी पायरी: विद्यापीठ गेट

ही रात्र सहलीच्या पत्रकात कधी छापलेली नसते. मला विचाराल तर हीच आधी धरा.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात वस्त्या जळल्या, माणसं गेली. म्हणून या दिवशी गेटवर येणारे लोक आधी शहिदांना अभिवादन करतात, गाणं त्यानंतर. तुम्हीही तसंच करा. रांगेत उभे राहा, गेटपुढे माथा टेकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईला वाट द्या, मग मंचाकडे वळा.

मंच एक नसतो. थोड्या थोड्या अंतरावर वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावर भीमगीतं. ढोलकी, हलगी, पेटी, बँजो, आताशा कीबोर्डही. गायक कव्वालीच्या ढंगाने ओळ उचलतो, कोरस टाळ्यांवर ती परत फेकतो. वामनदादा कर्डकांचं गाणं सुरू झालं की समोरचे लोक गायकाच्या आधी पुढची ओळ म्हणतात. दोन मंचांच्या मधोमध उभं राहिलं तर दोन ताल एकमेकांत घुसतात. थोडं अलीकडे-पलीकडे सरकून आपला मंच पकडा. उरलेली रस्त्याची बाजू पुस्तकांच्या गाळ्यांची. पोती भरून पुस्तकं घेऊन परभणी-हिंगोलीकडे परतणारी माणसं मी इथंच बघितली. वाहन मिलिंद कॉलेजच्या बऱ्याच अलीकडे लावून पायी या आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

नाथषष्ठी जमली तर

पैठण पन्नास किलोमीटर. षष्ठी ते अष्टमी तीन दिवस दिंड्या, गोदावरीचं वाळवंट आणि शेवटी काल्याची दहीहंडी. नाथांची भारुडं वाचली सगळ्यांनी असतात, पण मिशीवाला गडी लुगडं नेसून विंचू चावल्याचा आकांत करतो आणि बायका हसून हसून पदराने डोळे पुसतात, हे रात्री एखाद्या फडाच्या राहुटीपाशी बसल्याशिवाय कळत नाही. त्या तीन दिवसांत खोली मिळणं अवघड. एखाद्या दिंडीबरोबर जमवून घ्या, "माउली, रात्रीपुरती जागा होईल का?" एवढं विचारलं तर पुरतं. अंथरूण आपलं न्या.

निघताना

रात्रीची गाडी असेल तर संध्याकाळी शहागंजातून दहा-बारा नान बांधून घ्या. गरम असताना पिशवीचं तोंड बांधू नका, घाम सुटून चिकट होतात. आधी वर्तमानपत्रात गुंडाळा. दोन दिवस सहज टिकतात. घरी गेल्यावर पाण्याचा हलका हबका मारून तव्यावर झाकण ठेवून गरम करायचे. खलिया मात्र डब्यात नेण्याच्या फंदात पडू नका. आमच्या एका पाहुण्यांच्या बॅगेतून ती तर्री मनमाडच्या आधीच खालच्या बर्थवर उतरली होती.